उजेडाची चित्रे

(छायाचित्रण ही श्रीमंतांची आणि मोठ्या शहरांतील लोकांची कला आहे, असे पुष्कळांना वाटते. खानदेशातील एका कलावंताने बहुतेक आयुष्य घरात राहून ही कला कशी साधली आणि शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना तिची सुरुवात कशी करता येईल, हे या पाठात सांगितले आहे.)

मुंबईहून भुसावळकडे जाणारी आगगाडी मनमाड सोडते, नांदगाव मागे टाकते आणि जळगाव जिल्ह्यात शिरते. चाळीसगाव येते. स्टेशनवर केळी, चहा, भजी विकणाऱ्यांची गडबड असते. या स्टेशनपासून जवळच एक जुने घर आहे. त्या घरात केकी मूस नावाचे छायाचित्रकार राहत असत.

केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईत शिक्षण झाले. पुढे ते कला शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. असा शिकलेला माणूस मुंबईत मोठा स्टुडिओ काढील, असे कोणालाही वाटले असते. पण ते चाळीसगावला आले आणि तेथेच राहिले. एवढेच नव्हे, तर पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. ते कोणाची तरी वाट पाहत होते आणि रोज रात्री गाडी येऊन जाईपर्यंत जागे राहत होते, अशी एक कथा सांगतात. कथा ऐकायला गोड आहे. पण गावोगावचे लोक ती कथाच सांगत बसतात आणि मूस यांचे काम बाजूला राहते. म्हणून आपण सरळ त्यांच्या टेबलाकडे वळू.

होय, टेबलाकडेच! मूस यांचे नाव झाले ते टेबलावरच्या छायाचित्रांमुळे. इंग्रजीत या प्रकाराला ‘टेबल-टॉप’ असे म्हणतात. घराबाहेर न जाणारा माणूस डोंगर, झाडे, बर्फ, वाटा यांची छायाचित्रे कशी काढणार? तो टेबलावरच डोंगर उभा करतो. भाजीपाला, पाव, कागद, काच, माती अशा घरातल्या वस्तूंतून एक छोटेसे जग मांडतो. त्यावर दिव्याचा उजेड पाडतो. मग कॅमेरा अगदी खाली, मुंगीच्या डोळ्याच्या उंचीवर आणतो. छायाचित्र पाहणाऱ्याला वाटते, हे कोठेतरी दूरच्या प्रदेशातले दृश्य आहे! मूस यांच्या अशा छायाचित्रांचे देशात आणि परदेशात कौतुक झाले. ते चित्रे काढत, मूर्ती घडवत, कागदाच्या घड्या घालून सुंदर आकृती करत. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलाकृती चाळीसगावला त्यांच्या घरातच जपून ठेवल्या आहेत. जळगाव आणि धुळे येथील शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात, पाटणादेवीला जातात. या घराकडेही त्या वळल्या तर बरे होईल.

मुलांनो, मूस यांची गोष्ट मी आधी सांगितली, याला कारण आहे. छायाचित्रणाचा विषय निघाला की वर्गातून ठरलेली वाक्ये येतात. “सर, माझ्याकडे कॅमेरा नाही.” “सर, आमच्या गावात फोटो काढण्यासारखे काही नाही.” यांतील दुसऱ्या वाक्याचे उत्तर चाळीसगावच्या त्या टेबलावर मिळते. पहिल्या वाक्याचे उत्तर मात्र जरा लांबचे आहे. त्यासाठी एका अंधाऱ्या खोलीत जावे लागेल.

‘कॅमेरा’ हा शब्द लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ खोली. तुम्ही उर्दूत ‘कमरा’ म्हणता ना? तो शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला आणि त्याचे मूळही तेच आहे. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे एकाच घरातले भाऊ! आता या कमऱ्यात काय घडते ते पाहा.

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. दुपारी दारे-खिडक्या लावून घरातली माणसे आडवी होतात. अशा वेळी दाराला किंवा खिडकीला एखादे बारीक भोक असेल, तर समोरच्या भिंतीकडे नीट पाहा. बाहेरच्या गल्लीत ऊन असते. आतल्या भिंतीवर अस्पष्ट रंगीत सावल्या हलताना दिसतात. सायकलवाला गेला, तर भिंतीवर सायकलवाला जातो. पण डोके खाली आणि चाके वर! तो उजवीकडे गेला, तर भिंतीवरचा डावीकडे जातो. लहानपणी हे पाहून मुले घाबरतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उजेड नेहमी सरळ रेषेत जातो. सायकलवाल्याच्या डोक्याकडून येणारा किरण भोकातून खाली उतरतो आणि चाकाकडून येणारा किरण भोकातून वर चढतो. म्हणून चित्र उलटे पडते.

हा प्रकार फार बारकाईने तपासणारा एक शास्त्रज्ञ सुमारे एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव इब्न अल-हैसम. त्याचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास बसरा शहरात झाला आणि पुढे तो कैरोत राहिला. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्याचा दृष्टी आणि प्रकाश यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. डोळ्यांतून किरण बाहेर जातात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे त्याच्या आधीचे अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसमने हे नाकारले. उजेड वस्तूवरून निघून आपल्या डोळ्यांत येतो, असे त्याने सांगितले. अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या उजेडावर त्याने प्रयोग केले. ग्रहणाच्या वेळी बारीक भोकातून पडणारा सूर्याचा ठिपका कोरीसारखा का दिसतो, यावरही त्याने लिहिले. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी सूर्यग्रहण झाले, तेव्हा खानदेशात ते खंडग्रास दिसले. त्या दिवशी ज्यांनी लिंबाच्या झाडाखाली जमिनीकडे पाहिले, त्यांना पानांच्या फटींतून पडलेल्या शेकडो कोरी दिसल्या. प्रत्येक फट म्हणजे एक कॅमेराच होती. (सूर्याकडे मात्र कधीही सरळ पाहू नका, आणि कॅमेऱ्यातूनही पाहू नका. डोळे कायमचे जाऊ शकतात.)

आता तुमचा पहिला कॅमेरा तयार करा. चपलांचा किंवा बुटांचा रिकामा खोका घ्या. एका बाजूला चौकोन कापून तेथे चॉकलेटवरची चांदी चिकटवा. तिला बारीक सुईने एक भोक पाडा. समोरच्या बाजूलाही चौकोन कापा आणि तेथे पतंगाचा पांढरा कागद ताणून लावा. संक्रांतीच्या वेळी तो कोठेही मिळतो. कागदाला थोडे तेल पुसले की तो जास्त चांगला होतो. खोक्याच्या फटी काळ्या कागदाने बंद करा. मग भोक उन्हातल्या झाडाकडे करा, डोक्यावरून जाड चादर घ्या आणि पतंगाच्या कागदाकडे पाहा. झाड उलटे दिसेल. वारा आला की तेही हलेल.

भोक जरा मोठे करून पाहा. चित्र उजळ होते, पण पुसट दिसते. भोक लहान ठेवा. चित्र रेखीव होते, पण अंधूक दिसते. ही एवढीशी गोष्ट ज्याला हाताने करून कळली, त्याला छायाचित्रणाचा निम्मा अभ्यास समजला, असे मी म्हणेन. महागड्या कॅमेऱ्याच्या भिंगातही लहान-मोठे होणारे एक भोक असते. ते लहान केले की जवळचे आणि दूरचे सगळे रेखीव येते, पण उजेड कमी मिळतो. म्हणून चित्र टिपायला जास्त वेळ द्यावा लागतो. त्या वेळात हात हलला, तर चित्र बिघडते. टेबलावरचे दृश्य टिपणाऱ्याला जवळचे ढेकूळ आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतात. म्हणून त्याला लहान भोक, जास्त वेळ आणि न हलणारा कॅमेरा लागतो. घराबाहेर न जाणाऱ्या माणसाला घाई कसली? टेबलावरचा डोंगर काही पळून जात नाही.

खोलीत चित्र दिसू लागले, तरी ते टिकत नव्हते. दार उघडले की चित्र नाहीसे होई. ते धरून ठेवायला चांदी कामी आली. जळगावच्या सराफ बाजारात दिसणारी चमकदार चांदी नव्हे; चांदीचे काही क्षार असतात, त्यांच्यावर उजेड पडला की ते काळे पडतात. या क्षारांचा लेप दिलेल्या पत्र्यावर चित्र पकडण्याची रीत फ्रान्समधील लुई दागेर याने १८३९ साली जगापुढे ठेवली. ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत.

या कलेला नाव काय द्यावे? इंग्रजी नाव ग्रीक शब्दांवरून आले. त्याचा अर्थ उजेडाने लिहिणे. मराठीने सावलीकडे पाहिले आणि ‘छायाचित्र’ म्हटले. उर्दूने आरशातल्या प्रतिबिंबाकडे, म्हणजे ‘अक्स’कडे पाहिले आणि ‘अक्कासी’ म्हटले. एका भाषेला उजेड दिसला, दुसरीला सावली, तिसरीला प्रतिबिंब. मला तिन्ही नावे आवडतात. भिंतीवर टांगलेल्या चित्राला जुन्या मराठीत ‘तसबीर’ म्हणतात. तो शब्द कोठून आला, हे तुम्हांला सांगायला नको.

आता खिशाचा विचार करू. १९०० साली अमेरिकेत ‘ब्राउनी’ नावाचा खोक्यासारखा कॅमेरा निघाला. त्याची किंमत होती एक डॉलर. तो मुलांना वापरता यावा, असाच बनवला होता. आपल्या देशात पुढे ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा बडोद्याला तयार होऊ लागला. तुमच्या नानांच्या किंवा दादांच्या पेटीत तो अजून असेल. त्याच्या रिळावर बाराच चित्रे येत. बारा झाली की रीळ संपले. मग ते स्टुडिओत द्यायचे. स्टुडिओतला माणूस अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून कागदावर चित्रे उतरवी. त्या कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, म्हणून दिवा लाल. पांढरा कागद औषधाच्या पाण्यात टाकला की हळूहळू त्यावर चेहरा उमटे. मग ‘हायपो’च्या पाण्यात घालून तो पक्का करत. हे सगळे हाती येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जात. आपले चित्र चांगले आले की नाही, हे तोपर्यंत कळत नसे.

म्हणून रीळ असलेला माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करी. सूर्य कोठे आहे? मागे विजेचा खांब तर नाही ना? माणसाच्या डोक्यातून झाडाची फांदी फुटल्यासारखी तर दिसत नाही ना? आज बहुतेक घरांत मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. एका दिवसात दोनशे चित्रे निघतात आणि दोनशेही कोणी पाहत नाही. माझे ऐकाल, तर मोबाइलवरही रीळ पाळा. अब्बांचा किंवा मोठ्या भावाचा मोबाइल दर आठवड्याला थोडा वेळ मागून घ्या आणि बाराच चित्रे काढा. तेरावे नाही. बारा चित्रांची एक वही करा. प्रत्येकापुढे लिहा : वेळ कोणती, उजेड कोणत्या बाजूने, काय जमले, काय राहिले. तीन महिन्यांनी वही उघडून पाहा. तुमची नजर किती बदलली, हे त्या वहीतच दिसेल.

उजेडाची गोष्ट खानदेशात विशेष आहे. दुपारी बाराचे ऊन डोक्यावरून पडते. माणसाच्या भुवयांखाली काळे खड्डे पडतात, डोळे दिसत नाहीत, नाकाची सावली मिशीसारखी ओठावर येते. अशा वेळी माणूस अंगणात उभा करू नका. ओसरीत किंवा दारात, सावलीच्या कडेला बसवा. समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येईल. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सर्वांत चांगला. तेव्हा ऊन तिरपे पडते. मातीची ढेकळे, बैलाच्या पाठीवरची कातडी, जुन्या भिंतीच्या विटा, सगळे हाताला लागेल असे दिसते. हिवाळ्याच्या सकाळी रावेर-सावदा भागातल्या केळीच्या बागेत जा. पान उजेडाच्या आड धरलेले पाहा. सूर्य मागे असला की हिरवे पान दिव्यासारखे पेटते आणि त्याच्या शिरा मोजता येतात. तेच पान सूर्य पाठीशी घेऊन पाहिले, तर साधे हिरवे दिसते. पान एकच, जागा बदलली.

कापसाचा ढीग टिपणे सर्वांत अवघड. पांढरा कापूस, भर ऊन. कॅमेरा गोंधळतो. त्याला वाटते, उजेड फार झाला. तो सगळे चित्र काळवंडून टाकतो आणि कापूस राखेसारखा येतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवले की उजेड कमी-जास्त करण्याची खूण दिसते. ती थोडी वर सरकवा, कापूस पांढरा होईल. पण फार सरकवलीत, तर कापसाची बोंडे वेगळी दिसणार नाहीत, नुसता पांढरा डाग दिसेल. काळ्या म्हशीचे याच्या उलट. कॅमेरा तिला उगाच करडी करतो. यंत्राला म्हैस आणि कापूस कळत नाही. ते काम तुमचे.

उजेड कमी पडला तर काय करायचे, हे अजिंठ्याकडून शिकावे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. आतमध्ये अंधार असतो. पूर्वी तेथील वाटाडे बाहेरचे ऊन आरशाने किंवा चमकदार पत्र्याने आत वळवून चित्रे दाखवत. घरात तुम्ही जेवणाचे स्टीलचे ताट किंवा पांढरी चादर घेऊन हेच करू शकता. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या अंधाऱ्या गालावर ताटातून उजेड पाडून पाहा. आता लेण्यांत झगझगीत फ्लॅश वापरायला मनाई आहे, कारण प्रखर उजेडाने जुने रंग खराब होतात.

या लेण्यांशी आणि भुसावळशी जोडलेली एक हकीकत आहे. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठी चित्रे रंगवली. ती लंडनला पाठवली. तेथे क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या इमारतीत ती लावली होती. १८६६ साली त्या इमारतीला आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळाली. इतक्या वर्षांची मेहनत एका आगीत गेली! पण गिल कॅमेराही वापरू लागला होता. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली लंडनला पुस्तकांतून छापली गेली होती. एका चित्राची एकच प्रत असते. छायाचित्राच्या मात्र कितीतरी प्रती निघतात. म्हणून ती राहिली. त्या काळी लेणी कशी दिसत होती, हे आज आपण त्या छायाचित्रांत पाहू शकतो. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या मुलांनी तिचे एक छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात काढावे. दगडावरची अक्षरे दुपारी वाचता येत नाहीत, तिरप्या उन्हात येतात.

आता तुमचे स्वतःचे टेबल मांडा. खिडकीजवळ पाट ठेवा. त्यावर मातीचा किंवा दादर ज्वारीच्या पिठाचा थर पसरा. बोटांनी वाट काढा. फुलकोबीचे चार तुरे उभे केले की झाडी झाली. वांग्याचा देठ उलटा ठेवला की वाळलेले खोड झाले. मागे निळसर कागद उभा करा, म्हणजे आकाश. बाकीच्या खिडक्या लावून घ्या. उजेड एकाच बाजूने यायला हवा. दोन बाजूंनी आला, तर सावल्या एकमेकींना खातात आणि डोंगर पुन्हा पीठ होतो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून पाटाच्या उंचीवर ठेवा. वरून पाहिले, तर फुलकोबी फुलकोबीच राहते. खालून पाहिले, तर ती झाडी होते. पहिल्या दिवशी जमणार नाही. एक तुरा इकडे, एक तिकडे करत बसा. चित्र झाल्यावर फुलकोबी अम्मीला परत द्या आणि पीठही चाळून ठेवा.

वस्तूंचे झाले, माणसांचे वेगळे. फुलकोबी तक्रार करत नाही, माणूस करू शकतो, आणि त्याला तो हक्क आहे. कोणाचेही चित्र काढण्यापूर्वी विचारा. मुली आणि स्त्रिया यांच्या बाबतीत तर विचारल्यावाचून कॅमेरा उचलूच नका. कोणी नको म्हटले, तर कॅमेरा खाली. कोणाचे चित्र त्याला न विचारता दुसऱ्याला पाठवणे, ही थट्टा नव्हे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रुळांवर, पुलाच्या कठड्यावर, उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून चित्र काढू नका. रेल्वेच्या वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज असते. तिला हात लागायलाच पाहिजे असे नाही; जवळ गेले तरी ती ओढून घेते. एका चित्रासाठी जीव गमावलेली मुले आपल्या देशात अनेक झाली आहेत.

मुलींना वाटेल, हे काम मुलांचेच. होमाई व्यारावाला यांचे नाव ऐका. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारीला झाला. शाळेत असतानाच त्यांची कॅमेऱ्याशी ओळख झाली. मुंबईत त्या कला शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेली चित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात, कारण बाईने काढलेल्या चित्रावर त्या वेळी कोणाचा विश्वास बसत नसे. त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या. देश स्वतंत्र होत असतानाचे दिवस त्यांनी दिल्लीत टिपले. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या सायकलवरून कामाला जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

तुमचे पहिले रीळ कोणावर खर्च करावे, हे मला विचाराल, तर मी म्हणेन, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसावर. अनेक घरांत दादांचे एकच चित्र असते. तेही ओळखपत्रावरचे, शिक्का डोळ्यावर आलेले. नानींचे तर तेही नसते. काही वडीलधाऱ्यांना चित्र काढून घेणे आवडत नाही. मग त्यांचे हात टिपा, तेही विचारून : गोधडी शिवणारे, वांगी भाजताना धुरातून वळणारे, तांदूळ निवडणारे. हातांनाही चेहरा असतो. दादी तयार असतील, तर त्यांना खिडकीजवळ बसवा, ताठ उभे करू नका. कॅमेरा लगेच वर करू नका. त्यांच्या लहानपणीच्या पावसाची, तापीच्या पुराची, पहिल्या रेल्वे प्रवासाची गोष्ट विचारा. बोलता बोलता त्या कॅमेरा विसरतील. त्या क्षणापर्यंत थांबा.

आणि ते चित्र मोबाइलमध्येच ठेवू नका. मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो, विकला जातो. स्टुडिओत जाऊन थोड्या पैशांत कागदावर उतरवून घ्या. दोन प्रती घ्या : एक आपल्या घरी, एक फुफींच्या किंवा मामूंच्या घरी. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहा : नाव, गाव, तारीख, आणि चित्र कोणी काढले. नाव मराठीत लिहा, उर्दूतही लिहा.

स्वाध्याय

१. भिंतीवरचा सायकलवाला उलटा का दिसतो? आकृती काढून दाखवा.
२. ‘पान एकच, जागा बदलली.’ हे वाक्य लेखकाने कशाबद्दल म्हटले आहे?
३. गिलची छायाचित्रे का टिकली, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. कमरा–कॅमेरा, तसवीर–तसबीर यांप्रमाणे नजर, कागद, हुबेहूब हे शब्द उर्दूत कसे वापरतात? प्रत्येकाचे एक मराठी वाक्य करा.
५. उपक्रम : बारा छायाचित्रांची वही तयार करा. त्यांतील एका छायाचित्राबद्दल वर्गात मराठीत दोन मिनिटे बोला.